सदतीस डिग्रीला वितळणारा ईथर आणि जळगावचा एप्रिल

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येक जोडीला एकेक प्रिपरेशन दिलं होतं, पहिल्या बाटलीपासून शेवटच्या एनएमआरपर्यंत (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) सगळं आपलं आपण करायचं. आमच्या चिठ्ठीत आलं बीटा नॅफ्थॉलपासून त्याचा इथाइल ईथर, म्हणजे टू-इथॉक्सीनॅफ्थॅलीन. ईथर म्हणजे एका ऑक्सिजनला दोन बाजूंनी कार्बनचे गट. पार्टनर चिठ्ठी बघून म्हणाली, "सोप्पंय गं, विल्यमसन तर आहे." विल्यमसन म्हणजे ईथर बनवायची नेहमीची रिॲक्शन, आणि खरंच, बारावीपासून आपण हे लिहीत आलोय, ओएचचा हायड्रोजन बेसने काढायचा, मग तो ऋणभार असलेला ऑक्सिजन अल्किल हॅलाइडच्या (म्हणजे ब्रोमिन, आयोडिनसारखा हॅलोजन लागलेल्या) कार्बनवर मागच्या बाजूने येतो, हॅलोजन पुढून सुटतो, ईथर तयार. तीन मार्क. त्या तीन मार्कांच्या ओळीला आम्हाला तीन आठवडे लागले आणि मी दोन वर्षांत जेवढी केमिस्ट्री शिकले नाही तेवढी त्या तीन आठवड्यांत शिकले, म्हणून हे सविस्तर लिहितेय, ज्यांना हेच प्रिपरेशन उन्हाळ्यात करायचंय त्यांच्या उपयोगी पडेल.

मॅडमनी केमिकल द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारला, हॅलाइड कोणाचा घेणार? पार्टनरने वहीत ब्रोमोनॅफ्थॅलीन आणि सोडियम इथॉक्साइड लिहून आणलं होतं, तिचं म्हणणं ईथरच्या दोन बाजू आहेत, इकडून तोडा नाहीतर तिकडून तोडा, शेवटी तेच बनणार. कागदावर बघितलं तर तिचं बरोबरच वाटतं. मॅडम म्हणाल्या, "अगं, मग ऑक्सिजन मागून येणार कुठून ते काढून दाखव." तिने काढायला घेतलं आणि तिथेच अडली, कारण ब्रोमिन लागलेल्या कार्बनच्या बरोब्बर मागे अख्खी रिंग बसलेली असते. मागच्या बाजूला जागाच नाही. वर तो बंध साध्या अल्किल हॅलाइडपेक्षा पक्का, रिंगचे इलेक्ट्रॉन त्यात थोडे मिसळलेले असतात. म्हणजे एसएन-टू, ही मागून येऊन हॅलोजन काढायची रिॲक्शन, तिथे होणारच नाही, कितीही तापवा. वाट एकच, नॅफ्थॉलचा ऑक्सिजन आणि इथाइलचा हॅलाइड.

मग त्यांनी दुसरं विचारलं, टर्शरी ब्युटाइल मिथाइल ईथर करायचा असेल तर? इथे मी बोलले, टर्शरी बाजू, म्हणजे जिच्या कार्बनला तीन मिथाइल लागलेत ती, ऑक्सिजनकडे ठेवायची आणि मिथाइल आयोडाइड घ्यायचं. उलटं केलं, म्हणजे टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडवर मिथॉक्साइड टाकला, तर तीन मिथाइलच्या गर्दीत त्याला कार्बनपर्यंत पोचता येत नाही, तो बाजूचा हायड्रोजन उचलतो आणि आयसोब्युटिलीन गॅस होऊन उडून जातो. म्हणजे या सगळ्या रिॲक्शनचा खरा निर्णय बाटली उघडायच्या आधीच झालेला असतो, कोणता तुकडा कोणत्या बाजूला. हे मला त्या दिवशी फळ्यासमोर उभं राहून कळलं.

बेसचं काम मात्र सोपं निघालं. साध्या अल्कोहोलला सोडियम धातू नाहीतर सोडियम हायड्राइड लागतं, पण नॅफ्थॉलचा पीकेए (हा आकडा जितका कमी तितका हायड्रोजन सहज सुटतो) साडेनऊच्या आसपास, इथेनॉलचा जवळपास १६. त्यामुळे साधा कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) पुरतो, इथेनॉलमध्येच विरघळवून.

हॅलाइडमध्ये चॉइस होता, इथाइल ब्रोमाइड की इथाइल आयोडाइड. ब्रोमाइड स्वस्त, पण त्याचा बॉइलिंग पॉइंट ३८ डिग्री आहे आणि आमच्या लॅबमध्ये एप्रिलच्या दुपारी भिंतीवरचा थर्मामीटर ४१-४२ दाखवतो. झाकण उघडलं की ते उकळणार. आयोडाइड ७२ ला उकळतं आणि आयोडाइड आयन सुटतोही लवकर, म्हणून तेच घेतलं. स्टोअरमधली गडद बाटली जुनी होती, आतलं लिक्विड कोऱ्या चहासारखं झालेलं. ते खराब झालं म्हणून परत करू नका, उजेडाने थोडं आयोडिन सुटतं त्याचा तो रंग असतो. सेपरेटिंग फनेलमध्ये हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) पाण्याबरोबर दोनदा हलवलं आणि अगदी पाण्यासारखं स्वच्छ झालं, मग कॅल्शियम क्लोराइडवर सुकवलं. हे सगळं फ्यूम हूडमध्ये आणि ग्लव्ह्ज घालून, कारण जे केमिकल नॅफ्थॉलच्या ऑक्सिजनला इथाइल लावू शकतं ते तुमच्या शरीरातल्या रेणूंनाही लावू शकतं. यात कंटाळा करू नका, मी मनापासून सांगतेय.

पहिली बॅच. नॅफ्थॉल ७.२ ग्रॅम म्हणजे ५० मिलिमोल, इथेनॉल ५० मिली, इथाइल आयोडाइड ४.४ मिली म्हणजे ५५ मिलिमोल, आणि कॉस्टिक सोडा ४ ग्रॅम, म्हणजे जवळपास दुप्पट. बेस जास्त घातला तर रिॲक्शन जोरात होईल असा आमचा हिशोब. पेलेट विरघळल्या, नॅफ्थॉल टाकलं, पिवळसर तपकिरी सोल्युशन झालं आणि टीएलसीच्या यूव्ही लाइटखाली धरलं तर सुंदर निळी चमक. आरबीला (गोल बुडाच्या फ्लास्कला) कंडेन्सर लावला, वॉटर बाथवर रिफ्लक्स चालू केला, म्हणजे उकळत ठेवायचं आणि वाफ गार होऊन परत आत पडते, आणि बसलो वाट बघत. मी मीठ खाली बसायची वाट बघत होते कारण ब्रोमाइड वापरणाऱ्या जोडीच्या फ्लास्कमध्ये पांढरा सोडियम ब्रोमाइड दिसत होता, आमच्यात काहीच नाही. नंतर समजलं, सोडियम आयोडाइड इथेनॉलमध्ये भरपूर विरघळतं, त्यामुळे ते दिसणार नाहीच.

अडीच तासांनी टीएलसी मारली, म्हणजे कोणते पदार्थ आहेत ते स्पॉटने दाखवणारी पट्टी, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट नऊला एक. वर नवीन स्पॉट आला होता, पण खाली नॅफ्थॉलचा स्पॉट तसाच ठसठशीत. अजून एक तास दिला. काही फरक नाही.

मॅडमनी येऊन कंडेन्सरला हात लावला आणि म्हणाल्या, "हे गार आहे का गं?" नव्हतं. आमच्या लॅबचं पाणी स्लॅबवरच्या टाकीतून येतं. पार्टनरने नळाखाली थर्मामीटर धरला, ४४ डिग्री. ७२ ला उकळणारं लिक्विड ४४ च्या पाण्याने कितीसं अडणार, पाणी त्यात अगदी बारीक धारेने सोडलेलं, तीन साडेतीन तासांत थोडं थोडं करून आमचं आयोडाइड वरून निघून गेलं होतं. आणि दुसरी चूक त्याहून मोठी, जास्तीचा बेस. नॅफ्थॉलला हवा तेवढा बेस पहिल्याच सव्वादोन ग्रॅमच्या आत मिळून गेला होता, उरलेल्या हायड्रॉक्साइडने इथेनॉलमधूनच थोडा थोडा इथॉक्साइड बनवला आणि तो आमच्या इथाइल आयोडाइडवर जाऊन बसला. त्यातून काय बनणार? साधा डायइथाइल ईथर. ३५ डिग्रीच्या आत उकळणारा, तोही वरून गेला.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडून चुकून जे झालं ना, तेच विल्यमसनने १८५० मध्ये बनवलं होतं." मला हे माहीतच नव्हतं. अलेक्झांडर विल्यमसन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये होता, आणि त्याला ईथर करायचाच नव्हता. त्याला अल्कोहोलमध्ये आणखी एक इथाइल घुसवून मोठं अल्कोहोल बनवायचं होतं, म्हणून त्याने पोटॅशियम इथॉक्साइडवर इथाइल आयोडाइड टाकलं आणि हातात आला नेहमीचा ईथर. त्या काळी अल्कोहोल आणि ईथर यांचं नातं काय, यावर केमिस्ट लोकांची मोठी भांडणं चालू होती, ईथरमध्ये नक्की किती कार्बन हेच ठरत नव्हतं. मग त्याने त्याच इथॉक्साइडवर मिथाइल आयोडाइड टाकलं. आलेल्या ईथरमध्ये एका बाजूला मिथाइल, एका बाजूला इथाइल, दोन वेगवेगळ्या ईथरचं मिश्रण नाही. म्हणजे एका ऑक्सिजनला दोन गट लागलेत हे एका प्रयोगात सिद्ध. तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीत नव्हता, बाणांनी मेकॅनिझम काढणं तर लांबच. या रिॲक्शनचं मेकॅनिझम उलगडलं १९३० च्या दशकात, ह्यूज आणि इनगोल्ड यांनी एसएन-वन, एसएन-टू ही नावं दिली, आणि इनगोल्डही त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. एकाच कॉलेजात ऐंशी-नव्वद वर्षांच्या अंतराने रिॲक्शनही सापडली आणि ती का होते तेही सापडलं, मला हे ऐकून अंगावर काटा आला होता.

असो, पहिल्या बॅचवर येते. जेवढं झालंय तेवढं तरी काढू म्हणून आम्ही ते बर्फाच्या पाण्यात ओतलं. पुस्तकात लिहिलंय पांढरा घन पदार्थ खाली बसतो. आमच्या बीकरच्या तळाशी तपकिरी तेल बसलं. ढवळलं तर त्याचे थेंब होतात, थांबलं की परत एकत्र. बर्फ चार खडे होता तो तेवढ्यात विरघळून गेला. दुपारचे तीन वाजलेले, आम्ही दोघी दमलेल्या, पार्टनरने बीकर उचलला वेस्टमध्ये टाकायला. लॅबचे मामा तिथे काच धूत होते, ते म्हणाले, "ताई, फेकू नका. खोबरेल तेल पाहा ना, थंडीत दगड होतं आणि आता पाण्यासारखं पातळ. फ्रिजमध्ये ठेवून पाहा."

मामांना त्या पदार्थाचा मेल्टिंग पॉइंट माहीत नव्हता. आम्हाला माहीत होता, पहिल्याच पानावर लिहिला होता, ३७ ते ३८ डिग्री. आणि आम्ही ४१ डिग्रीच्या खोलीत उभं राहून तो घन व्हायची वाट बघत होतो! नंबर पाठ असणं आणि तो नंबर आपल्या खोलीला लावून बघणं, यात केवढं अंतर असतं हे मला मामांनी शिकवलं.

फ्रिजमध्ये ठेवला, दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी तपकिरी वडी तयार. आनंदाने अकरा वाजता फिल्टर करायला घेतलं, बुखनर फनेलवर पसरलं, पंप चालू केला आणि पाच मिनिटांत ती वडी कडेने चमकायला लागली, मग ओली झाली, मग कागदातून खाली. डोळ्यांसमोर. खालच्या फ्लास्कमधून परत गोळा करून, परत गार करून शेवटी ३.१ ग्रॅम हाताला लागलं, पूर्ण झालं असतं तर ८.६ ग्रॅम यायला हवं होतं. त्यातला चिमूटभर कण मी एका छोट्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये जपून ठेवला, त्याचा पुढे फार उपयोग झाला.

दुसऱ्या बॅचला आम्ही सकाळी साडेसहाला यायची परवानगी काढली. मामा आमच्यासाठी लवकर आले, किल्ली त्यांच्याकडे असते. कॉलेजच्या गेटसमोरच्या रसवंतीवाल्याकडून आदल्या संध्याकाळी बर्फाच्या लादीचा मोठा तुकडा सांगून ठेवला होता, पोत्यात गुंडाळून आणला. आणि कंडेन्सरसाठी पार्टनरने घरून कूलरची जुनी मोटर आणली, बादलीत बर्फाचं पाणी, त्यात मोटर, तिची नळी कंडेन्सरला आणि दुसऱ्या टोकाची परत बादलीत. खानदेशात प्रत्येक घरात कूलरची एक मोटर पडलेली असतेच. ज्यांच्या लॅबला चिलर नाही त्यांनी हे नक्की करा, पाणीही वाया जात नाही. कंडेन्सरच्या बाहेरून थेंब सुटायला लागले तेव्हा मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

या वेळी कॉस्टिक सोडा २.१ ग्रॅम, म्हणजे नॅफ्थॉलपेक्षा जेमतेम जास्त, पेलेट पटकन तोलल्या कारण त्या हवेतलं पाणी ओढतात आणि वजन खोटं दाखवतात. इथाइल आयोडाइड ४.८ मिली, तेही एकदम ओतलं नाही, अर्धं सुरुवातीला आणि अर्धं पाऊण तासाने, कंडेन्सरच्या वरून हळूहळू. तीन तासांनी टीएलसीत नॅफ्थॉलचा स्पॉट अगदी फिका राहिला. रिॲक्शन वेळेवर थांबवून अर्धं इथेनॉल काढून टाकलं, उरलेलं पातळ धारेने भरपूर ठेचलेल्या बर्फावर ओतलं, ढवळत ढवळत. या वेळी तेल झालंच नाही, रवाळ पांढुरकं पडलं, साबुदाण्यासारखं. ते गार केलेल्या कॉस्टिकच्या पातळ पाण्याने धुतलं, म्हणजे उरलेलं नॅफ्थॉल मीठ होऊन पाण्यात निघून जातं आणि ईथर जसाच्या तसा राहतो.

रिक्रिस्टलायझेशनबद्दल थोडं जास्त लिहिते कारण बहुतेक जणांचं इथे बिनसतं. नेहमीची सवय काय, गरम इथेनॉलमध्ये विरघळवायचं, गढूळ होईपर्यंत गरम पाणी टाकायचं, गार करायचं. इथे तसं केलं तर सोल्युशन पन्नास डिग्रीला असतानाच पदार्थ बाहेर पडायला लागतो, आणि पन्नासला तो तेलच असणार, तेल पडलं की सगळी घाण त्यात ओढली जाते. म्हणून इथेनॉल जरा सढळ हाताने घ्यायचं, विरघळलं की कोमट होऊ द्यायचं, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकं, आणि मग थेंबाथेंबाने पाणी, पहिली धूसर रेघ दिसली की थांबायचं. त्यात आम्ही पहिल्या बॅचचा जपलेला तो कण टाकला आणि काचेच्या कांडीने बीकरची भिंत आतून हलकेच घासली. दहा-बारा सेकंद काही नाही. मग त्या कणापासून एक पातळ पापुद्रा सरकत बाहेर आला, अभ्रकासारखा, त्याला लागून दुसरा, आणि बघता बघता अख्खा बीकर चमचमत्या पातळ पत्र्यांनी भरला. आम्ही दोघीही काही बोललो नाही. मामा मागे येऊन उभे राहिले होते ते मला नंतर कळलं.

सुकवताना ओव्हनकडे जायचंच नाही, पार्टनर सवयीने निघाली होती, मी धावत जाऊन थांबवलं. फिल्टर पेपरमध्ये दाबून, कॅल्शियम क्लोराइडच्या डेसिकेटरमध्ये, आणि तो डेसिकेटर रात्रभर लॅबच्या सगळ्यात गार कोपऱ्यात. वजन ६.६ ग्रॅम. ७७ टक्के यील्ड.

मेल्टिंग पॉइंट घ्यायलाही पहाटच लागली, कारण दुपारी थील ट्यूबमधलं लिक्विड पॅराफिनच ४० ला असतं, कॅपिलरी बुडवायच्या आधीच निकाल. सकाळी पावणेसातला पॅराफिन २८ वर होतं. अगदी हळू तापवलं, मिनिटाला एक डिग्री. ३६.५ ला पहिला थेंब, ३७.५ ला सगळं पारदर्शक. थर्मामीटरवर तो एका डिग्रीचा पट्टा बघून पार्टनरने माझा हात इतका जोरात दाबला की बोटं दुखली.

मॅडमचा शेवटचा प्रश्न राहिला होता, इथाइल ऑक्सिजनलाच लागलंय कशावरून? नॅफ्थॉलच्या एक नंबरच्या कार्बनवरही ऋणभार येतो, तिथेही ते लागू शकतं, आणि पाण्यासारख्या सॉल्व्हंटमध्ये तर कार्बनवर लागायचं प्रमाण बरंच वाढतं कारण पाणी हायड्रोजन बाँडने ऑक्सिजनला वेढून टाकतं. आमचं उत्तर तयार होतं. कार्बनवर लागलं असतं तर ओएच तसाच राहिला असता, म्हणजे तो पदार्थ कॉस्टिकच्या धुण्यातच विरघळून गेला असता. शिवाय डायझोटाइज केलेल्या ॲनिलिनबरोबर बघितलं, नॅफ्थॉलने लगेच केशरी लाल रंग दिला, आमच्या पदार्थाने काही नाही, म्हणजे साधं नॅफ्थॉल त्यात उरलं नव्हतं. आयआरमध्ये (रेणूतले बंध ओळखायची चाचणी) ओएचचा रुंद पट्टा गेलेला आणि १२५० च्या आसपास कार्बन-ऑक्सिजन बंधाचा जोरदार पट्टा. एनएमआर विद्यापीठात पाठवला होता, आला तेव्हा ४.१५ ला चार दातांचा सिग्नल (सीएच-टूचा) आणि १.४८ ला तीन दातांचा (मिथाइलचा), स्वच्छ. ऑक्सिजनला लागलेला सीएच-टू असेल तरच तो चारच्या वर जातो, रिंगच्या कार्बनला असता तर तीनच्या आसपास सापडला असता.

आता वासाबद्दल. या पदार्थाला नेरोलिन म्हणतात, नेरोली म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचं तेल, त्यावरून नाव, आणि साबणाच्या सुगंधात हा वापरतात, वास टिकवून धरतो म्हणून. मावशीची वरुडला संत्र्याची बाग आहे, आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत मी तिकडे गेलेय, रात्री ओट्यावर बसलं की फुलांचा वास अंगावर येतो. बीकरमध्ये ते पत्रे पडले तेव्हा हूडची काच थोडी वर होती आणि तो वास आला. अगदी तोच नाही, बागेतला वास हलका असतो, ओला असतो, हा जरा जड आणि गोडसर. पण ओळख पटते. नॅफ्थॉलला स्वतःचा फिनॉलसारखा उग्र वास असतो, त्याच्या एका हायड्रोजनच्या जागी दोन कार्बन आले आणि मला ओटा आठवला.

आमची बाटली अजून लॅबच्या कपाटात आहे, नाव आणि तारीख लावलेली. मे महिन्यात वही सही करायला गेले तेव्हा दुपार होती, बाटलीत पातळ फिकट लिक्विड हलत होतं. मामांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, सकाळी बघायची होती, दगड असतो तेव्हा."